आयकत नाही

आमच्या घरात हळू बोललेलं हिशेबातच धरायचे नाहीत. घर आणि पिठाची गिरणी यांच्यामध्ये एक भिंत होती, भिंतीत एक दार होतं, आणि ते दार लावलेलं मी कधी पाहिलं नाही. बोरी गावात आमच्याकडे सकाळचा चहा चुलीवरून उतरायच्या आत बाबा मोटर सुरू करायचे. मग पट्ट्याची फटफट, दगडांची घरघर, वरून पडणाऱ्या दाण्यांची सरसर, आणि या सगळ्यावरून आईची मला हाक, "बेबीऽऽ, मीठ आण वं!" रस्त्यावरून जाणारा माणूससुद्धा थबकायचा. पहिल्यांदा आलेला पाहुणा तर घाबरायचाच. एकदा पांढरकवड्याहून बाबांचे मामा आले होते. अर्ध्या भाकरीवर हात आखडता घेऊन ते म्हणाले, "कायले भांडून राह्यले बाप्पा तुम्ही? माह्या येण्यानं काही झालं असंन तं मी जातो." कोणी भांडत नव्हतं. आई बाबांना आणखी बेसन वाढू का विचारत होती आणि बाबा नको म्हणत होते.

पिठाचं तर विचारूच नका. रेडिओवर पीठ, देवांवर पीठ, बाबांच्या भुवयांवर पीठ. बाबा दिवसभर म्हातारे असायचे आणि संध्याकाळी आंघोळ केली की तरुण व्हायचे. कोणाकडे पाहुणे येणार, कोणाकडे सण, कोणाकडे नुसती तंगी, ते दळणाच्या वासावरून कळायचं. हरभऱ्याची डाळ दळायला आली की मला पातोडीची आठवण व्हायची आणि जीभ खवळायची. नुकतं दळलेलं ज्वारीचं पीठ गरम असायचं. थंडीत मी त्या डब्यात मुद्दाम हात खुपसून बसायची आणि आईच्या शिव्या खायची. त्या गरम पिठाची भाकर अनसूआत्या थापायची, सोबत लसणाचा ठेचा आणि मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा. आता माझी सून बंद पिशवीतलं पीठ आणते. त्याला कसलाच वास नाही. मी तसं म्हटलं की ती म्हणते, "आई, तुमचं नाक तरी शाबूत आहे हे काय कमी आहे?" टोमणा माझ्या कानांना असतो. मारू दे. मीही काही गप्प बसत नाही.

अनसूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आजोबा लवकर गेले, म्हणून तिचं लग्न बाबांनीच लावून दिलं, दिग्रसकडच्या एका खेड्यात. मी पाळण्यात होते तेव्हाची गोष्ट, पुढे आईच्या तोंडून तुकड्या-तुकड्यांनी कळलेली. लग्नानंतर वर्षाच्या आतच सासरहून निरोप आला, "तुमची पोरगी आयकत नाही." आता आमच्या वऱ्हाडात 'आयकत नाही' म्हणजे काय? पोट्टं उन्हात खेळाले जाते, आयकत नाही. नवरा पिऊन येते, आयकत नाही. म्हणजे हट्टी आहे, सांगितलेलं करत नाही. बाबांनी तोच अर्थ घेतला. दुसरा कोणी घेतलाही नसता. ते तडक दिग्रसची गाडी पकडून गेले, सासरच्या माणसांसमोर बहिणीचे चांगले कान उपटले, "मोठ्याइचं आयकत जाय, माह्यं नाक कापू नोको" म्हणून सांगितलं आणि परत आले. आत्याने मुकाट मान हलवली म्हणे. पुढे तोच निरोप पुन्हा आला आणि बाबा पुन्हा जाऊन आले. मग तिला मुलगा झाला, आणि शेवटचा निरोप आला तेव्हा तो आणणाऱ्यासोबत आत्याच आली. "लेकरू बाजूले रडून राह्यते अन हे ढिम्म पडून राह्यते. आयकतच नाही." लेकरू त्यांनी ठेवून घेतलं होतं.

मला समजायला लागल्यापासून आत्या आमच्याच घरी होती. ती कानाने जरा जड आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण जड किती आणि सोंग किती याबद्दल गावाची मतं पक्की होती. कारण गिरणीत तिला सगळं ऐकू यायचं. दळणाला आलेल्या बायका मोटरच्या धडाक्यात "अनसूबाई, बारीक कर वं माह्यं!" म्हणाल्या की ती पाठमोरी असली तरी मान डोलवायची. आणि मोटर बंद झाल्यावर त्याच बायका तिच्या पुढ्यात उभ्या राहून काही विचारायच्या, तर ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. बायका एकमेकींना कोपर मारायच्या. "मशीन चालू असलं का बरोबर आयकू येते बाईले, अन बंद झालं का बहिरी! सासरी बी असंच करे म्हणतात." आई तर सरळ म्हणायची, "कामाचं बोललं का आयकू येत नाही तुह्या आत्याले." बाबा काही म्हणायचे नाहीत. ते आत्याशी फार बोलतच नसत. आत्या दगडांना टाके घालायची, म्हणजे झिजलेल्या दगडांवर छिन्नीने पुन्हा खाचा पाडायची. ते जोर लागणारं पुरुषी काम, पण तिचा हात चांगला बसला होता. टक टक टक, दुपारभर.

आणि मी? मी घरातली एकटी हळू बोलणारी. हे आपोआप झालं, कोणी शिकवलं नाही. दहावीपर्यंत मीही आईसारखीच किंचाळायची. मग दारव्ह्याच्या कॉलेजात जायला लागल्यावर कधीतरी माझा आवाज खाली आला. मला माझाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा मोठा यायचा, मग मी आणखी हळू बोलायची. लोकांना केवढं कौतुक! "माय वं, केवढी हयू बोलते पोरगी! गिरणीवाल्याइची वाटत नाही." हळूला आमच्याकडे हयू म्हणतात. आई त्या कौतुकाने फुगायची. माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा रंग, शिक्षण, उंची सगळं सांगून झाल्यावर ती शेवटी हुकमाचं पान टाकायची, "अन आवाज असा हयू का बाजूच्याले समजणार नाही."

बाजूच्याचं जाऊ द्या. मलाच बाजूच्याचं समजेनासं झालं होतं, आणि हे मी कोणाला सांगणार होते?

पहिल्यांदा मला वाटलं की लोकच हळू बोलायला लागलेत. मैत्रिणी कुजबुजतात, आई आणि शेजारीण माझ्याच लग्नाबद्दल काहीतरी लपवून बोलतात, मी आले की आवाज खाली घेतात. मला त्यांचा रागसुद्धा यायचा. कॉलेजच्या गाडीत मात्र सगळं छान ऐकू यायचं. एसटीच्या खडखडाटात मैत्रिणीने सांगितलेला विनोद मला पहिल्या झटक्यात कळायचा, आणि तोच तिने वर्गात पुन्हा सांगितला तर नुसते ओठ हलताना दिसायचे. फुटाणे खायला लागले की डोक्यात गिरणी सुरू व्हायची, कडाकडा, बाकी सगळं बंद. एकदा अंगणात चिमण्यांचा थवा चोची उघडझाप करत होता आणि आवाज काहीच नव्हता. मी तिथे कितीतरी वेळ उभी राहिले. चिमण्यांना काय माझ्यापासून लपवायचं होतं?

त्याच सुमाराला जीवशास्त्राच्या मॅडमनी फळ्यावर कानाचा तक्ता टांगला. मी पहिल्या बाकावर सरकले होते, त्यामुळे बरंचसं ओठांवरून आणि उरलेलं तक्त्यावरून कळलं. बाहेरचा कान आवाज गोळा करतो आणि नळीतून आत सोडतो. नळीच्या टोकाला पातळ पडदा, तो थरथरतो. पडद्याला आतून चिकटलेलं हातोडी नावाचं हाड, ते ऐरण नावाच्या हाडाला हलवतं, ऐरण रिकीब नावाच्या हाडाला. रिकीब म्हणजे घोडेस्वार पाय ठेवतो ती, तशाच आकाराचं, अंगातलं सगळ्यात लहान हाड, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान. या रिकिबीचा तळ एका खिडकीवर बसलेला असतो, आणि खिडकीपलीकडे गोगलगायीच्या शंखासारखी वळत गेलेली नळी, पाण्याने भरलेली. रिकीब खिडकी ढकलते, पाणी हलतं, पाण्यात केसाएवढ्या बारीक काड्या डुलतात आणि त्यांच्याखालच्या नसा मेंदूला कळवतात. मी तक्त्याकडे बघत बसले. ही तर आमची गिरणीच! मोटर फिरते, पट्टा ओढतो, दगड फिरतो, तेव्हा पीठ पडतं. मध्ये एक काही निसटलं की वर किती का दाणे ओता. माझं काय निसटलं होतं, ते मात्र तक्त्यावर लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी बाबांचं चावीचं घड्याळ खुंटीवरून काढलं आणि कानाला लावलं. गिरणी बंद होती. काही नाही. दुसऱ्या कानाला लावलं. अगदी दूर कोणी कापसाच्या गाठीमागे लपून नख वाजवत असावं तसं. मला रडू फुटलं, आणि रडू आवरायला म्हणून मी ते घड्याळ दातांत धरलं. मूर्खपणाच, पण धरलं. आणि टिक्, टिक्, टिक्, टिक्. इतकं स्पष्ट की मी दचकून ते जवळजवळ गिळलंच असतं. मी कानाला लावलं, गप्प. दातांत धरलं, टिक् टिक्. त्या वयात मला याचा अर्थ कळायला हवा होता असं आज वाटतं. तक्ता तर पाठ झाला होता. पण भीती अक्कल चालू देत नाही. मला एवढंच कळलं की मी अनसूआत्या होत चालले आहे. तिलाही मशीनमध्येच ऐकू येतं, मलाही. मलाही कोणीतरी सोंगाडी म्हणणार, मीही एका घरी जाणार आणि तिथून निरोप येणार, "आयकत नाही." मी रात्री उशीवर पडल्यावर एकच गोष्ट मनात घोकायची. लेकरू रडलं तर? माझ्या बाजूलाच रडलं आणि मला कळलंच नाही तर?

पुसदहून पाहुणे यायचे ठरलं ते बाजाराच्या दिवशी. मुलगा शाळेत मास्तर, घरची शेती, मागणं काही नाही. आईचे पाय जमिनीवर नव्हते. "गिरणी बंद ठेवा तेवढ्या वेळ," ती बाबांना म्हणाली. बाबांनी कानावर हात ठेवले. "बाजाराचा दिवस हाये, लोकाइचे डबे रांगेनं ठेवले हायेत. कोणाले काय सांगू?" आई तणतणली आणि मी मनातल्या मनात सगळ्या देवांना नारळ बोलले. गिरणी चालू राहिली की मी वाचले.

मुलगा, त्याची आई आणि त्याचा मामा, असे तिघे आले. मी आलुबोंडे आणि चहा घेऊन बाहेर आले तेव्हा भिंतीपलीकडे मोटर धडधडत होती आणि मंडळी आमच्या घराच्या रीतीने ओरडत होती. नाव विचारलं, सांगितलं. शिकते काय, सांगितलं. मामांनी विचारलं, "पुसदले आलती का कधी?" मी म्हटलं, "एकदा, लग्नाले." सगळं चोख. मुलाच्या आईला माझं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागत होतं आणि तिच्या चेहऱ्यावर तेच ते कौतुक दिसत होतं. आईने माझ्याकडे बघून हळूच डोळा मिचकावला. मीही जरा सैल झाले, आणि नेमकी लाईन गेली.

मोटर घरघरत थांबली. पट्टा दोनदा फटफटला आणि गप्प झाला. सगळ्यांनी "हुश्श" केलं असणार, कारण सगळ्यांचे खांदे खाली आले. "बरं झालं, आता निवांत बोलता येईन," असं काहीतरी मामा म्हणाले असावेत. मला काय माहीत? माझ्यासाठी खोली मिटली होती. मामांच्या मिशा भरघोस, ओठ दिसतच नव्हते, नुसत्या मिशा हलल्या आणि थांबल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "हो जी." मुलगा हसला. आईचा चेहरा उतरला. मिशा पुन्हा हलल्या. या वेळी मी "नाही जी" म्हणून पाहिलं. मग कोणीच हसलं नाही. नंतर आईने सांगितलं, त्यांनी विचारलं होतं, स्वयंपाकात काय काय करता येते. मी एकाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडावर डोळे फिरवत होते.

दारात अनसूआत्या पाण्याचे पेले घेऊन उभी होती. ती पाहुण्यांकडे बघतच नव्हती. ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती, ते कोणत्या ओठांवरून कोणत्या ओठांवर पळतात ते. मग तिने पेल्यांचं ताट तिथेच जमिनीवर ठेवलं आणि गिरणीत गेली.

लाईन जायची तेव्हासाठी आमच्याकडे जुनं डिझेलचं इंजिन होतं. त्याला हँडल मारायला गडीमाणूस लागायचा, कधी कधी दोन. आत्याने ते एकटीने सुरू केलं. आधी एक खोकला, मग धाड् धाड् धाड् धाड्, भिंत हलली, बश्या किणकिणल्या, आणि त्या बश्यांची किणकिणसुद्धा मला ऐकू आली असं वाटलं. बाबा उठून दाराशी गेले. "आता कायले चालू केलं वं अनसू? पाहुणे बसले हायेत ना!" आतून आत्या ओरडली, "दळण राह्यलं लोकाइचं!"

मामांनी नाइलाजाने आवाज चढवला आणि मी पुन्हा शहाणी झाले. वांग्याचं भरीत येते, पातोडी येते, पुरणपोळी येते. मुलाची आई खूश. ती माझा हात हातात घेऊन, तोंड माझ्या कानाशी आणून ओरडली, "मले अशीच हयू बोलणारी पाह्यजे होती बाप्पा! आमचं घर वावरात हाये, गावापासून दूर. इतलं शांत का पान पडलं तरी आयकू येते. लेकराबायाइले लय चांगलं!"

पान पडलं तरी. मी त्या घराची कल्पना केली. शांत, अगदी शांत, आणि मध्ये एक पाळणा. तिथे कोणतंही इंजिन सुरू करायला अनसूआत्या नसणार. मी आईकडे पाहिलं, ती जिंकल्यासारखी हसत होती. मी म्हटलं, "मले आयकू येत नाही."

कोणाला काही कळलं नाही. इंजिन धडाडत होतं आणि मी नेहमीसारखी हळू बोलले होते. मुलाची आई म्हणाली, "काय म्हणते?" आई म्हणाली, "चहा घ्या म्हणते." तेव्हा मी उभी राहिले आणि कितीतरी दिवसांनी, आमच्या घरात ओरडतात तशी, पार गल्लीच्या टोकाला जाईल अशी ओरडले, "मले आयकू येत नाही! मशीन बंद झालं का मले काहीच आयकू येत नाही!"

पाहुणे चांगले होते. चहा पुरता पिऊन, "कळवतो" म्हणून गेले, आणि कळवलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. आईने मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. चुलीपुढे बसून ती एकच वाक्य म्हणायची, "तोंड कायले उघडलं वं?" आणि ते मला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणायची, म्हणजे राग किती असेल बघा. चौथ्या-पाचव्या दिवशी बाबा म्हणाले, "चाल यवतमाळले. दाखवून पाहू कोणाले." आई यायला तयार नव्हती, गिरणी कोणीतरी बघायला पाहिजे होती, आणि सोबत बाईमाणूस हवं म्हणून आत्या निघाली. तिला दाखवायचं कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

कानाचे डॉक्टर म्हणजे एक बारकेसे गृहस्थ, पंखासुद्धा बंद करून ठेवायचे, इतकी शांतता. मला बसवून त्यांनी लोखंडाचा दोन बोटांचा काटा काढला, नादकाटा म्हणतात त्याला, तो कोपरावर आपटला आणि कानासमोर धरला. काही नाही. मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला आणि माझ्या डोक्यात घंटा घुमली. मी ताडकन म्हणाले, "घड्याळासारखं!" त्यांना काही कळलं नाही, मग मी दातांतल्या घड्याळाचं सांगितलं, आणि ते इतके हसले की बाबा बावचळले. त्यांनी बाबांना कागदावर चित्र काढून मोठ्याने समजावलं. आतली नस चांगली आहे, शंख चांगला आहे, पडदाही चांगला. रिकिबीच्या तळाभोवती हाड वाढून ती खिडकीत अडकून बसली आहे, हलत नाही. हवेतून आलेला आवाज तिच्यापाशी येऊन थांबतो. पण कवटीच्या हाडातून गेलेला आवाज तिला टाळून सरळ शंखात पोचतो, म्हणून दातांत घड्याळ वाजतं. गोंगाटात ऐकू येतं, कारण गोंगाटात समोरचा ओरडतो, आणि गोंगाट स्वतः अशा कानाला फारसा पोचतच नाही. आपला आवाज हाडातून मोठा येतो, म्हणून असा माणूस हळू बोलतो. नागपूरला याचं ऑपरेशन होतं. पुढे माझं झालंही, एका कानाचं. दुसऱ्याला मी ऐकायचं मशीन लावते आणि सुनेशी वाद घालायचा नसेल तेव्हा काढून ठेवते. पण त्या दिवशी मला ऑपरेशनचं काहीच कळलं नाही. माझं हळू बोलणं, आईचं हुकमाचं पान, हाच माझा आजार होता, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"बाळंतपणात हे फार वाढतं," डॉक्टर म्हणाले, "आणि घराण्यात असतं बहुतेक. तुमच्याकडे आणखी कोणाला?"

माझी मान आपोआप वळली, आणि मग बाबांचीही. आत्या खिडकीशी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला काहीच ऐकू गेलेलं नव्हतं, ती बाहेर बघत होती.

डॉक्टरांनी तिला खुणेने बोलावलं. काटा आपटून कानासमोर धरला, ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, नेहमीसारखी. मग त्यांनी दांडा तिच्या कानामागे टेकवला. आत्याने डोळे मोठे केले. हात आपोआप गालाकडे गेला. काटा थांबेपर्यंत ती हलली नाही, आणि थांबल्यावर तिने डॉक्टरांच्या हाताला धरून तो पुन्हा लावायला लावला.

"असंच," ती म्हणाली. "असंच आयकू ये मले बाळ्याचं रडणं. त्याच्या डोक्याले गाल लावला का. लावून निजलं का समजे. तं सासू म्हणे, लेकराले चेपून मारते हे, अन दुसऱ्या खोलीत नेऊन निजवे."

बाबांनी डॉक्टरांना विचारलं, "म्हंजे साहेब, ते आयकत नव्हती असं नाही?"

"त्यांना ऐकू येत नव्हतं."

"आयकू येत नव्हतं," बाबा म्हणाले. मग पुन्हा एकदा म्हणाले. जसं काही हे शब्द एकमेकांशेजारी त्यांनी पहिल्यांदाच पाहिले होते.

स्टँडवर बाबांनी आम्हाला चहा पाजला, स्वतः घेतला नाही. आत्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला राग आला. अजूनही माणूस हिच्याशी बोलत नाही म्हणजे काय? गाडी लागली, मी पुढच्या बाकावर बसले, माझ्या मागे ते दोघं. कंडक्टरने घंटी मारली, गाडी गावाबाहेर आली, काचा खडखडायला लागल्या, पत्रे वाजायला लागले. तेव्हा बाबा बोलले. नाहक गप्प नव्हते ते, गाडी चालू व्हायची वाट बघत होते.

"अनसू," ते म्हणाले, आणि आमच्या घरात बोलतात तसं मोठ्याने, आख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "माही चूक झाली वं. मी तुले तिथं जाऊन बोललो, अन तुले आयकूच येत नव्हतं. उद्या दिग्रसले जाऊ. पोरगा देतीन न देतीन, पण मी त्याईले सांगून येतो. माही बहीण आयकत नाही असं म्हणू नोका, तिले आयकू येत नव्हतं म्हणा."

मी मागे वळले नाही. खिडकीच्या काचेत मला आत्या दिसत होती. ती बाबांच्या तोंडाकडे बघत नव्हती, तिला गरजच नव्हती. बाहेर कपाशीची शेतं मागे जात होती आणि ती तिकडे बघत होती.

"आयकलं," ती म्हणाली.